सोळा घरांची चाळ

आमच्या घरात हातोड्या दोन. एक खिळे ठोकायची, दुसरी तबल्याची. पहिलीने मी आजवर फक्त भिंती बिघडवल्या आहेत.

बायको गाणं शिकते, तिचा स्वर काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी. मी तबला शिकतो. म्हणजे गेली चार वर्षं सर शिकवतात आणि मी जातो. तिच्या क्लासच्या कार्यक्रमाला ठरलेले तबलजी ऐन वेळी तापाने आडवे झाले आणि तिने नाइलाजाने माझ्याकडे पाहिलं. ‘‘एकच छोटा ख्याल आहे. तीनताल. जमेल ना रे?’’ ठेका जमला असता हो. पण ठेक्याच्या आधी तबला गायकाच्या सुरात लावावा लागतो, हे ती विसरली होती आणि मीही आठवण करून दिली नाही.

बाहेर धो धो पाऊस. विंगेमागच्या खोलीत हवा अशी, की टांगलेले वाळत घातलेले कपडे दुसऱ्या दिवशी जास्त ओले निघावेत. गवसणी काढून चाटेवर, म्हणजे कातड्याच्या कडेच्या पट्टीवर, बोट टाकलं, तर ‘ना’ म्हणायच्या ऐवजी तबला जांभई दिल्यासारखा ‘नंऽऽ’ म्हणाला. कातडं ओल धरतं, सैल पडतं, सूर उतरतो. मी फोनवर तानपुरा लावला आणि हातोडी उचलली.

तबल्याच्या गजऱ्यावर, म्हणजे तोंडाभोवतीच्या कातडी वेणीवर, सोळा घरं असतात. त्या सगळ्या घरांतून वर-खाली ओवलेली वादी, म्हणजे कातड्याची लांब पट्टी, मात्र एकच. थोडक्यात, सोळा बिऱ्हाडांची चाळ आणि पाण्याची लाइन एक. पहिल्या घराला ठोकून सूर चढवला, की समोरचं नववं घरही न विचारता चढतं. आणि मधली पाचवं-तेरावं ‘आम्हाला कोण पुसतंय’ म्हणत खालीच बसून राहतात. म्हणून सर सांगतात, एक घर लागलं की समोरचं बघ, मग आडव्या जोडीकडे वळ. ऐकायला अगदी सोपं. प्रत्यक्षात आडव्या जोडीची समजूत काढून परत येईपर्यंत पहिलं घर रुसलेलं असतं.

शिवाय हिशेबही माणसाच्या विरुद्ध. सूर ताणाच्या वर्गमुळाने चढतो. म्हणजे स्वर दुप्पट उंच हवा, तर ताण चौपट. नुसता अर्धा स्वर चढवायचा तरी ताण साधारण 12 टक्के वाढवायला हवा. हे वाचल्यापासून मी जरा जोरातच ठोकतो. सरांचा आणखी एक नियम आहे: फरक मोठा असेल तरच गट्ट्याला, म्हणजे वादीखालच्या लाकडी ठोकळ्याला, हात लावायचा, बारीकसारीक कामं गजऱ्यावर. माझा धीर सहाव्या घरापाशी सुटला. आठांतल्या एका गट्ट्याला मी खाली सणसणीत ठोका दिला, आणि ती बाजू काळी चार ओलांडून अशी पुढे गेली की तिला बोलवायला माणूस पाठवावा लागला असता.

वाईट याचं वाटतं, की बाकीच्यांनी आपापलं काम चोख केलेलं असतं. साध्या ताणलेल्या कातड्याचे वरचे स्वर मूळ स्वराच्या 1.59, 2.14, 2.30 पट असे वेडेवाकडे येतात. म्हणून त्यात धडाम असतं, पण गायकाला धरता येईल असा सूर सापडत नाही. मधोमध शाईचं, म्हणजे तबल्यावरच्या काळ्या गोल थराचं, वजन पडलं, की तेच स्वर दुप्पट, तिप्पट असे शहाण्यासारखे रांगेत उभे राहतात. सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह 1920 मध्ये हे मांडलं. पुढे 1934 मध्ये कातड्यावर बारीक वाळू पसरून, तिच्या नक्षीवरून, नऊ प्रकारची कंपनं पाचच स्वरांत कशी गोळा होतात तेही त्यांनी दाखवलं. कारागिराने थरावर थर देत शाई घोटली, नोबेलवाल्या शास्त्रज्ञाने ती समजावून सांगितली. फक्त ताण सगळीकडून सारखा ठेवायचं किरकोळ काम शिल्लक होतं, ते माझ्याकडे आलं.

सूर अगदी जवळ आला, की तानपुरा आणि तबला मिळून ‘वाँव-वाँव’ असे हेलकावे देतात. दोघांत सेकंदाला जितक्या कंपनांचा फरक, तितके हेलकावे. ते मंदावत जाऊन थांबले, की लागला. तंबोरा लावणाऱ्याची यात चैन असते, त्याची तार रेंगाळते. तबल्याचा आवाज दुसरा हेलकावा यायच्या आत संपतो. मी डोळे मिटून, कान शाईला टेकवून, श्वास धरून बसलो. दाराशी कुणीतरी म्हणालं, ‘‘त्यांना बरं वाटत नाहीये का?’’

पाऊण तासाने सोळाच्या सोळा घरं काळी चारला आली. त्या क्षणी मला खरोखर भरून आलं.

तेवढ्यात ती आली. गळ्याला मफलर. ‘‘अरे, घसा बसलाय. बाईंना विचारलं, आज पांढरी पाचला गाते.’’

‘‘अर्धा स्वर खाली?’’

‘‘अर्धाच तर!’’

उतरवायला गजऱ्याला खालून वर ठोकावं लागतं. त्यासाठी तबला मांडीवर आडवा घ्यायचा आणि हातोडी बरोबर गजऱ्याखाली घालायची. ती गजरा चुकली की गुडघ्याला लागते. माझी दोनदा चुकली. पण उतरवला. तिसरी घंटा होताना सोळाही घरं पांढरी पाचवर होती आणि मी लंगडत रंगमंचावर गेलो.

रंगमंचावर एसी होता. थेट माझ्या डोक्यावर.

पहिली काही आवर्तनं सुरेख गेली. तिचा घसाही उघडला. मग समेवर मला काहीतरी टोचल्यासारखं झालं. पुढच्या समेवर जास्त टोचलं. एसीच्या कोरड्या वाऱ्यात कातडं दीड तासाची ओल सोडत होतं, आवळत होतं, आणि माझा तबला, कुणाचीही हातोडी न लागता, सोळाही घरं सोबत घेऊन शांतपणे काळी चारकडे निघाला होता.

तिने तान मध्येच आवरून माझ्याकडे पाहिलं. मी एसीकडे पाहिलं.