‘सगळं पुस्तकी आहे’ या प्रतिक्रियेला उत्तर

लिनक्स कर्नलनं (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यानं) मेमरीची आतली फंक्शन्स ड्रायव्हरना, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या कोडला, सरसकट देऊ नयेत, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर एका वाचकाची ही प्रतिक्रिया: “भावा, सगळं पुस्तकी आहे. मॉड्यूल लोड झालं की ते कर्नलच्याच अधिकारात चालतं. मग फंक्शन एक्सपोर्ट नाही केलं म्हणून अडतंय कुणाचं? उगाच स्पीड घालवायची कामं.” (मॉड्यूल म्हणजे चालू कर्नलमध्ये नंतर जोडायचा कोड, ड्रायव्हर बहुधा असाच येतो; एक्सपोर्ट म्हणजे कर्नलनं आपलं फंक्शन मॉड्यूलना वापरायला खुलं करणं.)

‘भावा’चं काही नाही, कोल्हापुरात दिवसभर ऐकतो. पण पुस्तकी? शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीतल्या भट्टीचं तापमान वाचणाऱ्या कार्डाचा ड्रायव्हर मी दुरुस्त केलाय. लिहिणाऱ्या महाशयांनी स्पिनलॉक (हा धरून असताना कोडनं झोपायचं, म्हणजे थांबून राहायचं नसतं) धरलेला असताना ‘जीएफपी कर्नल’ देऊन केमॅलॉक केलं होतं, म्हणजे गरज पडली तर झोपायची मुभा देऊन कर्नलकडं मेमरी मागितली होती. मेमरी मोकळी असेपर्यंत सगळं सुरळीत. ती कमी पडली की केमॅलॉक झोपणार, लॉक मात्र धरलेलाच. तिथं न झोपता मेमरी मागणारं ‘जीएफपी ॲटॉमिक’ लागतं, आणि मेमरी मिळाली नाही तर पुढं काय, तेही लिहावं लागतं. हे मी भट्टीशेजारी घाम गाळत शोधलंय. तुम्ही कुठं बसून प्रतिक्रिया टाकलीत, ते विचारत नाही.

मॉड्यूल काहीही करू शकतं, हे खरंच. लेखात ती ओळ असती तर बरं झालं असतं. पण एक्सपोर्ट न करण्याचं हे कुलूप चोरासाठी आहे असं मी कुठं म्हटलं? चांगला ड्रायव्हर लिहू पाहणाराही फसतो. प्रोग्रॅमच्या मेमरीची पेजेस (ठरावीक आकाराचे तुकडे) ड्रायव्हरला धरून देणारं ‘गेट यूजर पेजेस’च बघा. ड्रायव्हरनं पेज धरलंय, फाइलसिस्टिम ते डिस्कवर लिहून मोकळी झाली, आणि मागून कार्डानं डीएमएनं (प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत) त्यात पुन्हा लिहिलं. डेटा बिघडतो, कधी कर्नलच कोसळतो. पेज डीएमएसाठी धरलंय की दुसऱ्या कशासाठी, हे नुसत्या रेफरन्स काउंटवरून (पेज कितीदा धरलंय त्या आकड्यावरून) कळायचं नाही. म्हणून २०२० मध्ये, कर्नलच्या ५.६ आवृत्तीत, ‘पिन यूजर पेजेस’ आलं. साध्या पेजच्या काउंटमध्ये ते एकदम १०२४ ची भर घालतं, म्हणजे बघणाऱ्याला अंदाज येतो. ड्रायव्हरला हवं ते मिळालं, आणि कर्नललाही कळलं काय चाललंय. देणं म्हणजे असं देणं.

स्पीडचं म्हणाल तर आकडे मोजून टाका, मग बोलू.

आणि हो, ५.७ मध्ये ‘केऑलसिम्स लुकअप नेम’ (नावावरून कर्नलमधल्या फंक्शनचा पत्ता देणारं फंक्शन) मॉड्यूलना बंद झालं तरी केप्रोबची (चालू कर्नल तपासायच्या सोयीची) पळवाट आहे, हे मला ठाऊक आहे. तेवढं सांगायला पुन्हा प्रतिक्रिया लिहायची तसदी घेऊ नका.