ब्रिजखाली लाकूड चिकटवणाऱ्यांनो

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय. लांबलं तर लांबू दे.

दुपारी भर पावसात वाडीतला एक मुलगा गिटार पाठीला लावून आला. मुंबईत एका दुकानात दाखवून आणलेली. तक्रार साधी होती: ब्रिज, म्हणजे बॉडीवर तारा जिथे अडकतात तो भाग, मागून वर उचलला जातोय आणि गिटार सुरात राहत नाही. त्या माणसाने काय केलं असेल? मागच्या खाचेत दोन्ही बाजूंनी लाकडाचे तुकडे बसवले, गोंदाने चिकटवले आणि सांगितलं, "तुमच्या कोकणातल्या हवेत फ्लोटिंग ब्रिज टिकत नाही." वर पैसे घेतले ते वेगळेच.

फ्लोटिंग ब्रिज म्हणजे बॉडीला पक्का न ठोकलेला, पुढून तारा आणि मागून स्प्रिंगा यांच्या ओढीत तोललेला ब्रिज. हवेचा काय संबंध? मी त्या पोराला एकच विचारलं, तारा कुठल्या लावल्यास? म्हणाला, "दादा, आधी नऊचा सेट होता, आता दहाचा लावलाय." झालं की! तारा जाड झाल्या, ओढ वाढली. पुढून तारा जोरात खेचतायत, मागच्या स्प्रिंगा कमी पडतायत, मग ब्रिज उचलणारच. मागचं झाकण काढून स्प्रिंगा ज्या पट्टीला अडकवतात तिचे दोन स्क्रू थोडे थोडे आवळायचे, परत ट्यून करायचं, परत आवळायचं, ब्रिज बॉडीला समांतर येईपर्यंत. उलट ब्रिज मागे खाली बसत असेल तर तेच स्क्रू सैल करायचे. कुठली तार लावलीस, एवढं विचारायला किती वेळ लागतो?

मला हे शिकवलं आमच्या ऑर्केस्ट्रातल्या काकांनी. गणपतीतला कार्यक्रम होता, लाइट गेलेले, आणि बॅटरीच्या उजेडात ते माझ्या शेजारी बसले होते. मी एक तार सुरात आणायचो की बाकीच्या उतरायच्या. ती ठीक करावी तर पहिली बिघडलेली. माझा धीर सुटत चालला होता. काका शांतपणे म्हणाले, "वायच थांब रे, तारांका बसूक दी." आणि खरंच, दर फेरीला घसरण कमी कमी होत गेली. तारा आणि स्प्रिंगा एकमेकींना तोलून धरतात, एकीला हात लावला की सगळ्यांना कळतं. म्हणून फेऱ्या माराव्या लागतात. फाइन ट्यूनर, म्हणजे ब्रिजवरचे बारीक सूर लावायचे स्क्रू, आधी मधोमध आणून ठेवायचे, आणि सगळं स्थिरावल्यावरच नटचे, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाशी तारा पकडणाऱ्या पट्टीचे, स्क्रू आवळायचे. आधी आवळले तर पुन्हा सोडायची पाळी.

ज्याने हा ब्रिज बनवला तो फ्लॉइड रोझ स्वतः वाजवणारा माणूस. 1954 च्या स्ट्रॅटोकास्टर गिटारीपासून बार, म्हणजे ब्रिज हलवायचा दांडा, होताच, पण जोरात दाबला की तारा सुरात परत यायच्या नाहीत. त्याने तारा नटपाशी आणि ब्रिजपाशी, दोन्हीकडे पकडून ठेवल्या. 1979 साली पेटंट मिळालं. एका वाजवणाऱ्याने एवढं डोकं लावलेलं, आणि तुम्ही त्यात लाकूड कोंबता!

आता पावसाळ्यात गिटारीची मान (नेक) हलते, खाऱ्या हवेत तारा लवकर गंजतात, हे मान्य. पण ते साध्या ब्रिजच्या गिटारीलाही होतं. वाजवून झाल्यावर तारा पुसा. ज्या दोन खांबांवर ब्रिज टेकतो तिथे तेलाचा थेंब सोडा.

त्या खांबांचंच मला जास्त लागलंय. तारा ताणलेल्या असतानाच ते फिरवलेत, टेकणारी धार दबलीय. त्या धारेवर तर ब्रिज डोलतो, डोलून जागेवर येतो. ती गेली की मग सूर कुठला? हे लिहिताना परत संताप होतोय.

मधल्या गाण्यासाठी ट्यूनिंग बदलणाऱ्यांना हा ब्रिज जड जातो, खरं आहे. त्यांनी दुसरी गिटार ठेवावी. तार तुटली की उरलेल्या सगळ्या चढतात, हेही खरं. गणपतीतल्या त्याच रात्री माझी तुटली होती. काकांनी बार दाबून धरला, ब्रिजच्या मागच्या कडेखाली अगरबत्तीच्या खोक्याचा पुठ्ठा घडी करून सरकवला, सूर बघून एक घडी वाढवली, आणि मी उरलेला कार्यक्रम पाच तारांवर काढला. कार्यक्रम संपल्यावर पहिला काढला तो पुठ्ठा. अडल्या वेळचा आधार होता तो. त्यांच्याकडे गोंद नव्हता असं नाही.

पोराची गिटार आता माझ्याकडे आहे. लाकूड काढलं, गोंद खरवडला. धार पूर्ववत होणार नाही, नवा ब्रिज लागेल बहुतेक, पण गणपतीपर्यंत वाजेल इतकी नक्की करून देतो. पोरगं गप्प बसून सगळं बघत होतं, मग हळूच विचारलं, "दादा, स्क्रू मी फिरवू?" फिरवले त्याने. छान फिरवले, अर्धा अर्धा फेरा.

कुडाळ, सावंतवाडी, मालवण पट्ट्यात कोणाच्या गिटारीचा ब्रिज असा उचलला असेल तर दुकानात न्यायच्या आधी मला मेसेज करा. पैसे नकोत. तारांचा नवा सेट आणि गिटारीबरोबर आलेल्या ॲलन की तेवढ्या घेऊन या, आणि घाईत येऊ नका.