सातोरू इवातांची हळहळ करायची तर नीट करा

दरवर्षी ११ जुलै आला की गेमिंगच्या ग्रुपांवर ठरलेला माल फिरायला लागतो. सूट घालून केळ्यांच्या घडाकडे गंभीरपणे बघणारा चष्मेवाला माणूस. खाली त्याचं ते "व्हिजिटिंग कार्डावर मी अध्यक्ष, डोक्याने गेम बनवणारा, पण मनाने गेम खेळणारा" हे वाक्य. आणि जोडीला "या एकट्या माणसाने अख्खा कांटो प्रदेश पोकेमॉनच्या कॅसेटमध्ये कोंबला" ही दंतकथा. लाइक पडतात, चार रडक्या इमोजी पडतात, पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

निंटेंडो या जपानी गेम कंपनीचे अध्यक्ष सातोरू इवाता जाऊन आता दशक उलटलं. त्यांच्यासाठी हळहळणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. दंतकथेपेक्षा त्या माणसाचं खरं काम कितीतरी भारी आहे आणि ते सांगायला कोणी बसत नाही.

आधी तारखांचा घोळ. निधन ११ जुलै २०१५, क्योतोमध्ये, पित्तनलिकेतल्या गाठीमुळे, वय ५५. कंपनीने जाहीर केलं १३ जुलैला, सोमवारी सकाळी. अमेरिकेत तेव्हा १२ जुलै, रविवारची संध्याकाळ होती. म्हणून तीन-तीन तारखा फिरतात. पुण्यतिथी ११ची, वाढदिवस ६ डिसेंबर १९५९चा, जन्म सप्पोरोचा.

आता कांटोबद्दल, म्हणजे पोकेमॉनच्या पहिल्या गेममधला प्रदेश, जो पुढच्या गोल्ड आणि सिल्व्हरमध्येही फिरायला मिळतो. पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हर (१९९९) बनत असताना इवाता निंटेंडोत नव्हतेच, हाल लॅबोरेटरी या गेम बनवणाऱ्या छोट्या कंपनीचे अध्यक्ष होते. त्यांनी पोकेमॉनची चित्रं दाबून लहान करण्याचं एक टूल लिहून दिलं. नोंद आहे ती एवढीच, आणि ती खुद्द बनवणाऱ्यांच्या मुलाखतीतली. त्याने जागा वाचली हे खरं. पण "कांटो बसतच नव्हता, इवातांनी एका रात्रीत बसवला" हा फोडणीचा भाग. गंमत अशी की त्याच मुलाखतीत याहून अचाट गोष्ट आहे आणि ती कोणी शेअर करत नाही. टीव्हीला जोडायच्या निंटेंडो ६४ वर पोकेमॉन स्टेडियम हा गेम करायचं ठरलं तेव्हा हातातल्या गेमबॉयवरच्या लढाईच्या हिशेबाचे कागदपत्र असे नव्हतेच. कोणाचा वार किती लागतो, झोपलेला कधी उठतो, कोणता प्रकार कोणाला भारी, सगळं फक्त कोडमध्ये. इवातांनी तो कोड वाचला आणि आठवड्याभरात लढाईची पूर्ण यंत्रणा दुसऱ्या मशीनवर चालती केली. दुसऱ्याचा असेंब्ली कोड (प्रोसेसरच्या जवळजवळ स्वतःच्या भाषेतला), टिपणं नसताना, वाचून दुसऱ्या प्रोसेसरवर नेणं म्हणजे काय हे ज्याने केलंय त्याला विचारा. वर तेव्हा साहेब कंपनीचे अध्यक्ष. आपल्याकडे अध्यक्ष सहीपुरता येतो.

पण आपल्या लोकांना सगळ्यात जवळचा पडावा तो बलून फाइट हा गेम. नव्वदीत महाराष्ट्रात टीव्हीला जोडायचा जो "व्हिडिओ गेम" मिळायचा तो बहुतेक वेळा निंटेंडोच्या फॅमिकॉम या मशीनची नक्कल असायचा. वर "९९९९ इन १" छापलेली पिवळी कॅसेट, आणि आत तेच पंचवीस-तीस गेम नावं बदलून. त्यांत दोन फुगे बांधून उडणारा माणूस असायचाच. खाली पाण्यातला मासा गिळतो, ढगातून वीज सुटते, तोच. फॅमिकॉमवरच्या त्या गेमचं प्रोग्रॅमिंग इवातांचं. नकली कॅसेटवर कंपनीचंच नाव नसे, तिथे प्रोग्रॅमरचं कुठून असणार? म्हणजे इवातांचं नाव ऐकायच्या कितीतरी आधी इकडच्या पोरांच्या अंगठ्यांना त्यांच्या हातची चव माहीत होती.

ती चव कशाने आली ते सांगतो, कारण खरी मजा तिथेच आहे.

फॅमिकॉमचा पडदा २५६ ठिपके रुंद. चित्र सेकंदाला साधारण ६० वेळा नव्याने काढलं जातं, त्यातली एक वेळ म्हणजे एक फेरी. माणूस कुठे आहे हे पूर्णांकात ठेवलं तर त्याचा सगळ्यात कमी वेग होतो दर फेरीला एक ठिपका, म्हणजे सेकंदाला ६०. सव्वाचार सेकंदांत पडद्याच्या या टोकाहून त्या टोकाला. त्याहून हळू जायचं तर एक फेरी सोडून हलवा, दोन सोडून हलवा, आणि मग हालचाल अडखळते. फुगा तरंगत नाही, उचक्या देतो. इवातांनी जागा दशांश चिन्हाच्या पलीकडेही मोजली. त्या आठ-बिटी प्रोसेसरवर हे करायची सर्वसाधारण रीत अशी: प्रत्येक जागेसाठी एकाऐवजी दोन बाइट (एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढेच आकडे मावतात). वरचा बाइट म्हणजे पडद्यावरचा ठिपका, खालचा म्हणजे ठिपक्याचे २५६ भाग. दर फेरीला वेग खालच्या बाइटमध्ये मिळवायचा. २५५ च्या पुढे गेलं की हातचा एक वरच्या बाइटला. पडद्यावर दिसतो फक्त वरचा, पण खालचा शिल्लक विसरत नाही. त्यामुळे गुरुत्वाकर्षण म्हणून दर फेरीला ठिपक्याचा सोळावा हिस्सासुद्धा वेगात मिळवता येतो. म्हणून बटण सोडलं की माणूस आधी रेंगाळतो, मग खाली यायला लागतो, आणि वेग धरल्यावर सावरता सावरत नाही.

इथे नवशिक्यांचं चुकतं ते ठरलेलं. जागा दोन बाइटांत ठेवतात आणि वेग मात्र एकाच बाइटमध्ये, पूर्णांकात. मग खालच्या बाइटचा उपयोग शून्य. दुसरी चूक उलट्या दिशेची. डावीकडे जाताना वेग ऋण असतो, त्याचं चिन्ह वरच्या बाइटपर्यंत न्यायचं राहून जातं आणि माणूस डावीकडे जायच्या ऐवजी उजवीकडे उडी मारतो.

याच गेमची आर्केडची (नाणं टाकून खेळायच्या मशीनची) आवृत्ती दुसऱ्या टीमने केली होती आणि ती इवातांच्या आवृत्तीइतकी गुळगुळीत हलत नव्हती. त्या टीमचे तोशिहिको नाकागो यांनी सरळ विचारलं, तुमचं असं कसं हलतं? इवातांनी दशांशाचं सांगून टाकलं. त्यांना ट्रेड सीक्रेट वगैरे सुचलं नाही. तोच हिशेब पुढे १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्समध्ये मारिओ पोहतो त्या पातळ्यांत आला. मारिओ पाण्यात जड होऊन हळूहळू बुडतो ना, त्याचं मूळ बलून फाइटमध्ये आहे.

गोल्फचंही तसंच. १८ होल एका कॅसेटमध्ये बसत नाहीत म्हणून इतरांनी नाही म्हटलेलं काम इवातांनी घेतलं आणि डेटा दाबायची स्वतःची रीत काढून बसवलं. १९८४ सालचा तो आख्खा गेम २४ किलोबाइट. सकाळी येणारी गुलाबाच्या फुलाची शुभ सकाळ याच्या कितीतरी पट जड असते.

आता पैशाचा भाग, कारण लोक "चांगला साहेब" म्हणतात ते यावरून. १९९२ मध्ये हाल लॅबोरेटरी कर्जात बुडाली, दीड अब्ज येनच्या. निंटेंडोचे तेव्हाचे सर्वेसर्वा हिरोशी यामाउची यांनी मदतीला हो म्हटलं, अट एकच, इवातांना अध्यक्ष करा. वय ३३, व्यवसायाचं शिक्षण शून्य. इवातांनी वर्षातून दोनदा प्रत्येक कर्मचाऱ्याशी समोरासमोर बसून बोलायची पद्धत लावली आणि सहा वर्षांत कर्ज फेडलं. २००० मध्ये ते निंटेंडोत गेले, २००२ मध्ये अध्यक्ष झाले, यामाउची घराण्याबाहेरचे पहिले. हातात धरायच्या डीएसचा खप १५ कोटींवर गेला, टीव्हीला जोडायच्या वीचा १० कोटींवर. हे आकडे सगळ्यांना पाठ आहेत, पुढे जाऊ.

आपटी कशी खाल्ली ते बघा. डीएसचा पुढचा अवतार थ्रीडीएस फेब्रुवारी २०११ मध्ये जपानमध्ये २५,००० येनला आला. गेम पुरेसे नव्हते, किंमत चढी, माल उठेना. सहा महिन्यांच्या आत, ऑगस्टमध्ये, किंमत १५,००० वर आणली. इवातांनी स्वतःचा पगार निम्मा केला, इतर संचालकांचाही कमी-जास्त कापला. ज्यांनी आधी महाग घेतला त्यांना २० जुने गेम फुकट दिले, १० फॅमिकॉमच्या काळातले आणि १० गेमबॉय अॅडव्हान्सचे. अट अशी की किंमत उतरायच्या आधी मशीन एकदा तरी ऑनलाइन दुकानाला जोडलेलं हवं. डबा न उघडता ठेवणारे हात चोळत बसले. त्या दहांत बलून फाइटही होता.

मग वीचा पुढचा अवतार वी यू आला आणि पार झोपला, एकूण १ कोटी ३५ लाखांच्या आसपास. २०१४ च्या सुरुवातीला पुन्हा पगार निम्मा, पाच महिने. त्याआधी २०१३ च्या भागधारकांच्या सभेत नोकरकपातीचा विषय निघाला होता. इवातांचं उत्तर असं होतं की ज्या माणसाला आपली नोकरी जाईल अशी धास्ती आहे तो जगाला भुरळ घालणारा गेम बनवू शकेल असं मला वाटत नाही. हल्ली दर तिमाहीला स्टुडिओ बंद होतात तेव्हा हे वाक्य शोधून शोधून शेअर होतं. त्यातली मेख मात्र सांगतो: निंटेंडोकडे तेव्हा रोख रकमेचा मोठा साठा होता आणि डोक्यावर कर्ज नव्हतं. इच्छा आणि ऐपत दोन्ही होती. ऐपत असूनही माणसं काढणाऱ्या कंपन्या आहेत म्हणून इवातांचं कौतुक, पण नुसत्या मायेने पगार निघत नाहीत.

देव्हाऱ्यात बसवायचं तर दोषही सोबत बसवा. ऑनलाइन मित्र जोडायला वीवर १६ आकडी आणि डीएसवर गेमगणिक १२ आकडी कोड, हा छळ त्यांच्याच कारकिर्दीतला. थ्रीडीएसला देशाप्रमाणे कुलूप लावलं, म्हणजे जपानचा गेम अमेरिकन मशीनवर चालत नाही. दुबई-सिंगापूरहून सामान मागवणाऱ्या आपल्याकडच्या लोकांना याचा ताप विशेष, एका भागाचं मशीन आणि दुसऱ्या भागाची कॅसेट घेतली की पैसे पाण्यात.

तरीही ते गेले तेव्हा जे झालं ते कुठल्याही कंपनीच्या अध्यक्षासाठी होत नाही. याचं कारण मी तरी निंटेंडो डायरेक्टमध्ये बघतो. ऑक्टोबर २०११ पासून इवाता पत्रकारांना मध्ये न घेता थेट कॅमेऱ्यासमोर उभे राहून नवे गेम सांगायचे, दोन्ही हात समोर करून "थेट तुमच्यापर्यंत" म्हणायचे. मोडकंतोडकं इंग्रजी, पण स्वतःचं. केळ्यांचा तो प्रसिद्ध फोटोही असल्याच एका व्हिडिओतला. लोकांना चेहरा, आवाज, हाताची ढब सगळं ओळखीचं झालं. जून २०१४ मध्ये शस्त्रक्रिया झाली, परतले तेव्हा अंगाने खूप उतरले होते आणि ते सगळ्यांना दिसत होतं. जून २०१५ च्या ई-थ्री या गेमच्या प्रदर्शनाला त्यांचा कापडी बाहुला पडद्यावर दिसला. महिना व्हायच्या आत बातमी आली.

क्योतोच्या मुख्यालयावर झेंडा अर्ध्यावर उतरला. न्यूयॉर्कच्या निंटेंडोच्या दुकानात लोकांनी फुलं आणि चिठ्ठ्या ठेवल्या. प्लेस्टेशनच्या अधिकृत खात्यानेही आभार मानले. अंत्यविधीला ऐन वादळी पावसात, दोन दिवसांत मिळून ४,१०० माणसं आली. आणि मीव्हर्सवर, निंटेंडोच्या स्वतःच्या सोशल नेटवर्कवर, जगभरच्या पोरांनी थ्रीडीएस आणि वी यूच्या पडद्यावर लिहायच्या काडीने काळ्या-पांढऱ्या रेषांत इवाता काढले.

पुढचं बऱ्याच जणांना माहीत नाही. मीव्हर्स ८ नोव्हेंबर २०१७ ला बंद झालं. ज्यांनी आपल्या पोस्टींची फाइल आधी मागून घेतली त्यांची चित्रं राहिली, काही स्वयंसेवकांनी पानं उतरवून ठेवली म्हणून बाकीची वाचली. श्रद्धांजलीचं चित्र काढलं असेल तर मूळ फाइल स्वतःकडे ठेवा, आणि स्क्रीनशॉटवर भरवसा ठेवू नका, तो दर शेअरगणिक मळतो.

शेवटचा विषय स्विच या निंटेंडोच्या त्यानंतरच्या मशीनमध्ये लपवलेला गोल्फ. सप्टेंबर २०१७ मध्ये सापडलं की पहिल्या स्विचच्या सिस्टीममध्येच १९८४ चा गोल्फ ठेवलेला आहे, "फ्लॉग" या उलट्या नावाने. उघडायला मशीनची तारीख ११ जुलै हवी. होम मेन्यूवर दोन्ही जॉयकॉन (बाजूचे बटणांचे तुकडे) सुटे करून हातात धरायचे, आधी टोकं जमिनीकडे, मग इवाता करायचे तसे दोन्ही हात समोर आणून थांबायचं. कंपनीने यावर अवाक्षर काढलं नाही, चाहत्यांनी तो ताईत मानला. दर जुलैत कोणीतरी विचारतंच, "माझ्याकडे का होत नाही?" कारण दोन. सिस्टीम ४.०.० च्या अपडेटला हा गोल्फ काढून टाकला, आणि तुमचं मशीन बहुधा त्याच्या खूप पुढे आहे. जुनी सिस्टीम असली तरी मशीन एकदा इंटरनेटला लागलं असेल तर आतलं घड्याळ सर्व्हरची वेळ धरतं. सेटिंगमध्ये हाताने ११ जुलै लावून काही होत नाही. फॅक्टरी रीसेट केल्याने जुनी सिस्टीम परत येत नाही, उलट सेव्ह जातात. ते करू नका. "गोल्फवाला ओरिजिनल स्विच" म्हणून चढ्या भावाने कोणी विकत असेल तर सिस्टीमचा क्रमांक पडद्यावर दाखवायला सांगा, डब्यावरचं काही ऐकू नका.

बलून फाइट मात्र स्विचच्या ऑनलाइन सदस्यत्वात २०१८ पासून आहे, सरळ लावता येतो. त्यातला बलून ट्रिप हा प्रकार घ्या, ए बटण दाबून न धरता एकेक टिचकी द्या आणि टिचक्यांच्या मधला काळ बघा.