भांडणाची चौदा पानं

आज दुपारी व्हिडिओ कॉलवर आमच्या एका काकांनी (सख्खे नाहीत, पण लहानपणापासून काकाच) आमच्या ह्याच्या अमेरिकेच्या ग्रीन कार्डाचा विषय निघाल्यावर मोठ्ठ्याने हसत म्हटलं, "म्हणजे आता पक्कं कार्ड हातात पडलं की कळेलच गं तुला, जावई टिकतोय की पळतोय!" सगळे हसले. मी पण हसले. आणि हा शेजारीच बसला होता, तोही हसला, कारण सगळे हसले की आपणही हसायचं एवढं मराठी त्याला येतं.

कॉल संपून चार तास झाले तरी डोकं तापलेलंच आहे म्हणून लिहितेय. काका हे वाचतील. वाचू देत.

कॉल चालू होता तेव्हा आमच्या टेबलावर कागदांचा ढीग पडला होता. दोघांच्या नावाचं घराचं भाडेपत्र, बँकेची स्टेटमेंट, टॅक्स, गाडीचा इन्शुरन्स, फोटो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. लग्नाला दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आत जर नवरा किंवा बायको अमेरिकेत इमिग्रंट म्हणून उतरली तर त्यांना जे ग्रीन कार्ड मिळतं ते दोनच वर्षांचं असतं, कंडिशनल, म्हणजे अटीवर दिलेलं. ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत दोघांनी सह्या करून आय-७५१ नावाचा फॉर्म भरायचा आणि पुन्हा एकदा सिद्ध करायचं की लग्न खरं होतं आणि अजूनही खरंच आहे. आम्ही आत्ता त्या ९० दिवसांत आहोत. म्हणजे काकांनी जे गंमत म्हणून विचारलं ना, ते सरकारने आधीच लेखी विचारलंय, आणि वर त्याची फी पण घेणारे.

आमचं लग्न जुलै २०२२ ला झालं. मी तोपर्यंत अमेरिकन नागरिक झाले होते आणि हा कोलंबियाचा, कोलंबियातच राहणारा. सप्टेंबरमध्ये आय-१३० भरला, म्हणजे नवऱ्याला इकडे आणण्यासाठीचा पहिला अर्ज. तेव्हा ५३५ डॉलर होते, आता त्याहून वाढलेत. मला सगळ्यांनी सांगितलं, अगं नागरिकाच्या नवऱ्याला कोटा नसतो, रांग नसते, पटकन होतं. कोटा नसतो हे खरंय. पटकन होतं हे कुणी पसरवलं त्याला मला एकदा भेटायचंय. वीस महिने लागले. आणि त्या वीस महिन्यांत ह्याला चार दिवस नुसतं भेटायला पण येता येईना, कारण टुरिस्ट व्हिसाच्या खिडकीवर पहिला प्रश्न हाच की तुझी बायको तिकडे आहे, मग तू परत कशाला जाशील? म्हणजे एका खिडकीवर आम्ही नवरा-बायको आहोत यावर विश्वास नाही आणि दुसऱ्या खिडकीवर इतका विश्वास की सोडायलाच तयार नाहीत.

आता ती चौदा पानं.

मार्च २०२३ ला मी सुट्टी काढून त्याच्याकडे गेले होते, मोजून साडेपाच दिवस. त्याची आजी खूप आजारी होती. ह्याला आजीनेच वाढवलंय. आम्ही खोलीत गेलो, ती उशांना टेकून बसली होती, माझा हात हातात घेऊन स्पॅनिशमध्ये काहीतरी बोलत होती, आणि मी, मी, मी त्याला म्हटलं, एक फोटो काढ ना, फॅमिलीबरोबरचा आहे, फाइलसाठी चांगला आहे.

त्याने फोटो काढला. बोलला काही नाही. मी परत आले, आणि तिसऱ्या दिवशी रात्री चॅटवर भांडण पेटलं ते पहाटेपर्यंत. तो म्हणाला, तुला माझी आजी दिसली नाही, तुला पुरावा दिसला. मी म्हटलं, मग कोण गोळा करणार पुरावे, तू करतोस का, फॉर्म कोण भरतंय, वकिलाच्या मागे कोण लागतंय. आम्ही एरवी इंग्लिशमध्ये बोलतो, पण राग चढला की तो स्पॅनिशवर जातो आणि मी मराठीवर, आणि दोघंही समोरच्याला काय कळतंय याची फिकीर न करता टाइप करत सुटतो.

जूनमध्ये इमिग्रेशन खात्याकडून पत्र आलं. आरएफई. पुरावा अपुरा आहे, लग्न खरं असल्याचा आणखी पुरावा पाठवा, जास्तीत जास्त ८७ दिवसांत. आम्ही चॅटमधले गोड गोड तुकडे निवडून वकिलांकडे पाठवले. गुड मॉर्निंग, मिस यू, बदाम, गुलाब. वकिलांच्या ऑफिसमधली जी मुलगी फाइल लावायची तिने फोन करून सरळ विचारलं, "तुम्ही कधी भांडत नाही का? हे सगळं ठरवून लिहिल्यासारखं वाटतंय."

तर आम्ही ते भांडण दिलं. प्रिंट काढल्यावर चौदा पानं भरली.

आणि इंग्लिश नसलेलं काहीही पाठवायचं तर त्याचं पूर्ण भाषांतर जोडावं लागतं, आणि भाषांतर करणाऱ्याने सही करून लिहून द्यावं लागतं की मला दोन्ही भाषा येतात आणि हे अचूक आहे. मराठीचं काम माझ्या मैत्रिणीने केलं. तिने मला फोन करून विचारलेले प्रश्न मी मरेपर्यंत विसरणार नाही. "अगं 'मेल्या'चं काय करू? 'मृत माणसा' असं लिहिलं तर तो ऑफिसर पोलिसांना बोलवेल." "आणि 'डोंबल तुझं' याला इंग्लिशमध्ये काय म्हणतात?" दोघी हसून हसून रडलो. मग मी नुसतीच रडले. कारण तिला पुढची पानं पण वाचावी लागणार होती, ज्यात आजी होती.

मला सांगा, दुसऱ्या कुठल्या नवरा-बायकोला हे करावं लागतं? तुमच्यातलं सगळ्यात वाईट भांडण काढा, भाषांतर करून घ्या, पानांना नंबर घाला आणि अनोळखी माणसाकडे पाठवा. तुमच्यापैकी निम्म्यांचे मोबाइल उघडून मागची दोन वर्षं दाखवा म्हटलं तर संध्याकाळपर्यंत घरं मोडतील. काका, तुमचा पण बघू का?

हो, खोटी लग्नं होतात. पैसे घेऊन होतात, मला माहितीये, नाही म्हणत नाही. त्यासाठी पाच वर्षांपर्यंत तुरुंग आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आहे, असूदे. पण हे दोन वर्षांच्या कार्डाचं प्रकरण १९८६ च्या कायद्याने आलं, आणि तेव्हा अशी ३० टक्के लग्नं खोटी असावीत असं छातीठोक सांगितलं गेलं, आणि मग ज्या पाहणीवरून तो आकडा आला ती पाहणीच धड नव्हती असं निघालं. आकडा गेला, कायदा राहिला. आणि मला जे कळत नाही ते हे, की ज्याला खोटं लग्न करायचंय त्याची फाइल आमच्यापेक्षा चांगलीच असणार ना? तो फोटो नीट काढेल, दर महिन्याला एक, वेगवेगळ्या कपड्यांत. तो पहिल्या दिवशी जॉइंट अकाउंट उघडेल. अपुरे पुरावे कुणाचे असतात? जे आपलं आपलं जगत असतात त्यांचे. आम्हाला आरएफई आली कारण पहिल्या वर्षी एकमेकांना भेटलो की फोटो काढायचं आम्ही विसरायचो. मग विसरायचं थांबवलं, आणि त्याचं काय झालं ते वर लिहिलंच आहे.

बाकीचं भराभर सांगते, कारण ते नुसतं कंटाळवाणं आहे. आय-१३० पास झाला की फाइल व्हिसा सेंटरला जाते, तिथे ३२५ आणि १२० डॉलर. डीएस-२६० या व्हिसाच्या फॉर्ममध्ये सोळाव्या वर्षापासून जिथे जिथे राहिलात तो प्रत्येक पत्ता आणि पाच वर्षांतली सोशल मीडियाची खाती. मग मेडिकल, मग इंटरव्ह्यू, मग कार्डाचे २३५ वेगळे. नुसत्या सरकारी फीचे १२१५ झाले. वकील, विमानं, मेडिकल, सगळं वरून. आणि मी आय-८६४ वर सही केली की हा माणूस सरकारच्या डोक्यावर बसणार नाही, त्याचं उत्पन्न गरिबीच्या सरकारी रेषेच्या १२५ टक्क्यांखाली जाऊ देणार नाही. हे घटस्फोटानेसुद्धा सुटत नाही बरं का! तो नागरिक होईपर्यंत किंवा त्याच्या नावावर साधारण दहा वर्षांचं काम जमा होईपर्यंत मी बांधलेली. काका, टिकण्याचं विचारत होतात ना? सप्तपदी सुटेल, आय-८६४ सुटत नाही.

तरी आम्ही नशीबवान. हे पण लिहायला पाहिजे. मी नागरिक होते, तिकिटाला पैसे होते, सुट्टी देणारा बॉस होता. ग्रीन कार्डवाल्यांच्या नवरा-बायकोंना तर कोटा लागतो, त्यांची रांग वेगळीच. आणि ज्यांना सरळ नाहीच म्हणतात त्यांचं काय? मुन्योस नावाची एक बाई, अमेरिकन नागरिक, तिच्या एल साल्वाडोरच्या नवऱ्याला व्हिसा नाकारला. कारण विचारलं तर जवळपास तीन वर्षं धड सांगितलं नाही, शेवटी कोर्टात निघालं की तो टोळीतला आहे असा संशय. त्याच्या अंगावर टॅटू होते, आणि तो म्हणत होता मी कुठल्याही टोळीत नाही. ती सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि जून २०२४ मध्ये कोर्टाने सांगितलं की परदेशी जोडीदाराला देशात आणता यावं असा काही मूलभूत हक्क नागरिकाला नाही. आमचा हा त्याच्या आदल्याच महिन्यात इथे उतरला होता. बातमी वाचली त्या रात्री हा शेजारी घोरत होता आणि मी जागी. नागरिकत्वाची शपथ घेताना मला वाटलं होतं की आता आपण ह्यांच्यातले. तर ह्यांच्यातले म्हणजे इतकेच.

आणि हे काही आजचं नाही. १९०७ च्या कायद्याने अमेरिकन बाईने परदेशी माणसाशी लग्न केलं की तिचंच नागरिकत्व जायचं. १९२२ ला ते सुधारलं, पण नवरा नागरिक व्हायला अपात्र वंशाचा असेल तर नाही, आणि १९२३ ला भगतसिंग थिंड नावाच्या भारतीयाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने भारतीय त्या अपात्रांत टाकले. म्हणजे तेव्हा भारतीय माणसाशी लग्न केलेल्या गोऱ्या बायकांनी आपला देशच घालवला. लग्न बाईने करायचं आणि संशय पण बाईवरच. आज मला तरी कोण विचारतं? "तुला फसवत तर नाही ना तो?" जणू मला डोळे नाहीत. त्याला कधी कुणी विचारलं नाही की बाबा, तू घर, नोकरी, भाषा, आजी सोडून ह्या बाईकडे चाललास, ती टिकेल का?

आजी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली. व्हिसा तेव्हा आला नव्हता म्हणून तो तिच्याजवळ होता. लवकर आला असता तर नसता. हे मान्य करते, पण ह्याचं श्रेय मी कुठल्याही खात्याला देणार नाही.

तो फोटो आरएफईच्या उत्तरात नव्हता. मी घातलाच नाही, त्याने काही न सांगता. त्या फोटोवरच्या भांडणाची चौदा पानं गेली, फोटो नाही गेला. आता लिहिताना वाटतंय की हे जरा विचित्रच झालं. आणि बोगोटाच्या इंटरव्ह्यूत खिडकीपलीकडच्या माणसाने विचारलं काय, तर बायको काय काम करते आणि कुठे भेटलात. सात-आठ मिनिटं. ती पानं कुणी वाचली की नाही देव जाणे. मैत्रिणीने 'मेल्या'चं शेवटी काय केलं तेही मी बघितलेलं नाही, आजतागायत.

एक गोष्ट राहिली. एप्रिल २०२४ ला व्हिसा मिळाला तेव्हा वकील म्हणाले होते, व्हिसाला सहा महिन्यांची मुदत आहे, जुलैपर्यंत थांबा, लग्नाला दोन वर्षं होतील, मग उतरला तर थेट दहा वर्षांचं कार्ड, आय-७५१ ची भानगडच नाही. दोन महिने. फक्त दोन महिने थांबायचं होतं. फसवायला निघालेला माणूस नक्की थांबला असता. आम्ही दोघांनी फोनवर हो हो म्हटलं, शहाण्यासारखं, आणि फोन ठेवल्यावर अर्ध्या तासाने त्याने मेमधल्या तिकिटाचा स्क्रीनशॉट पाठवला. खाली एक अक्षर लिहिलं नव्हतं.

म्हणून आज हा ढीग.

मगाशी तो विचारत होता की ह्यावेळी पण भांडण जोडायचं का, मागच्यासारखं. म्हणून मी चॅट उघडलं, मे २०२४ पासूनचं. भांडणच नाही. म्हणजे भांडतो, परवाच भांडलो, पण आता एकाच घरात आहोत, तोंडाने भांडतो, त्याची प्रिंट कुठून काढणार. चॅटमध्ये काय आहे तर दूध आण. किल्ली विसरलो. दार उघड. दूध आणलं का? कुठलं दूध? परत दूध. स्क्रोल करून अंगठा दुखला माझा, दोन वर्षं नुसतं दूध.

तो म्हणतोय हेच जोडू. वीस पानं होतील म्हणतोय. त्यात तो आता मराठीत "दूद" लिहितो, म्हणजे भाषांतर आलंच. मैत्रिणीला फोन करते.