मेदूसाच्या डोक्यावरचे साप : 'मूळ कथा' नेमकी कोणती?

मेदूसा म्हणजे ग्रीक पुराणकथांतली, केसांच्या जागी साप असलेली स्त्री; अथेना ही ग्रीक देवी. 'अथेनाने मेदूसाला साप शिक्षा म्हणून नव्हे, तर पुरुषांपासून रक्षण म्हणून दिले. हीच मूळ ग्रीक कथा' असा मजकूर सध्या फिरतोय. तो खरा नाही.

प्राचीन ग्रीक कवी हेसिअडच्या काव्यात मेदूसा तीन गॉर्गन (राक्षसीण) बहिणींपैकी एकटीच मर्त्य. समुद्रदेव पोसायडन तिच्याशी रत होतो तो मऊ कुरणात, वसंतातल्या फुलांत. तिथे ना देऊळ, ना शाप. कोर्फू बेटावरच्या आर्टेमिसच्या देवळावरही (इ.स.पू. 580 च्या सुमारास) ती जन्मजात राक्षसीणच दिसते: वटारलेले डोळे, बाहेर काढलेली जीभ, कमरेला दोन सापांची गाठ.

अथेनाच्या देवळात पोसायडनने केलेला बलात्कार आणि मग अथेनाने मेदूसाच्या केसांचे साप करणं ठळकपणे येतं ते ओव्हिडकडे, इ.स. 8 च्या सुमारास. म्हणजे रोमन कवी, लॅटिन काव्य! आणि तिथे ती सरळसरळ शिक्षा आहे, तीही अत्याचार झालेल्या मुलीलाच. 'रक्षणा'चा अर्थ आजचा.

नव्याने अर्थ लावायला हरकत कुणाची? प्राचीन कथेत पर्सियस हा वीर मेदूसाचं मुंडकं उडवतो; शिल्पकार लुचानो गारबातीने 2008 मध्ये उलट पर्सियसचंच मुंडकं हाती धरलेली मेदूसा घडवली. 2020 मध्ये ती न्यूयॉर्कच्या फौजदारी न्यायालयासमोर उभी राहिली. त्याने कथा उघडपणे उलटवली. प्राचीन ग्रीकांच्या नावावर खपवली नाही.