आधी प्रश्न, मग उतारा? क्लॅटच्या इंग्रजीबद्दल फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

क्लॅटची, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत सध्या एक संदेश फिरतो आहे. मी लातूरला एका अभ्यासिकेत शनिवार-रविवार मुलांकडून इंग्रजी उतारे सोडवून घेते. माझ्याकडे तो एकाच दिवशी कितीतरी मुलांनी पाठवला, ‘मॅडम, हे खरं आहे का?’ असं विचारत. त्यातला मजकूर थोडक्यात असा: इंग्रजी उताऱ्यांचा वेगळा अभ्यास लागत नाही. आधी प्रश्न वाचा, मग उताऱ्यात उत्तर शोधा. वाचनाचा वेग मिनिटाला 500 शब्दांवर न्या. रोज 30 अवघड शब्द पाठ करा आणि एक इंग्रजी अग्रलेख वाचा. शंका आली की प्रश्न सोडून द्या. शेवटच्या दोन महिन्यांत 100 मॉक, म्हणजे सराव परीक्षा, द्या. आणि शेवटचं वाक्य: ‘जी मुलं मनात मराठीत भाषांतर करत वाचतात त्यांनी राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा नाद सोडावा.’

ते शेवटचं वाक्य वाचून एक मुलगा दोन आठवडे आलाच नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी परीक्षा काय मागते ते पाहू. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विधी विद्यापीठांसह देशभरातल्या बहुतेक राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला क्लॅटमधून प्रवेश मिळतो. 2020 पासून हा पेपर उताऱ्यांवर बेतलेला आहे. डिसेंबर 2023 च्या परीक्षेपासून 120 मिनिटांत 120 प्रश्न असतात, बरोबर उत्तराला 1 गुण, चुकलं की 0.25 वजा. त्यात इंग्रजीचे 22 ते 26 प्रश्न येतात. पण कायदा, तर्क, चालू घडामोडी हे विभागही इंग्रजी उताऱ्यांवरच उभे असतात. म्हणजे उतारा समजणं ही अख्ख्या पेपरची अट आहे. ‘वेगळा अभ्यास लागत नाही’ हे वाक्य इथेच कोसळतं.

‘आधी प्रश्न वाचा, मग उत्तर शोधा.’

ही सवय शाळेतून येते. ‘अमुक घटना कधी घडली’ असा प्रश्न असला की उताऱ्यात साल शोधायचं आणि ते वाक्य उचलून लिहायचं. तिथे ते चालतं. क्लॅटच्या इंग्रजी विभागात काय तपासणार हे परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठांच्या संघाने स्वतःच सांगितलेलं आहे: उताऱ्याचा मुख्य मुद्दा, त्यातले युक्तिवाद, त्यावरून निघणारं अनुमान, सारांश, दोन मतांमधला फरक, आणि शब्दाचा त्या जागेवरचा अर्थ. यातलं बहुतेक काही एका ओळीत सापडत नाही. मुख्य मुद्दा शोधायचा कुठे? तो सगळा उतारा मिळून तयार होतो.

शिवाय एका उताऱ्याखाली पाच-सहा प्रश्न आणि प्रत्येकाला चार पर्याय. तेवढा मजकूर डोक्यात धरून उतारा वाचायला गेलं की मूल वाचत नाही, शब्द जुळवत बसतं. पर्याय तयार करणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. म्हणून उताऱ्यातलेच शब्द वापरलेला, पण अर्थ वेगळा असलेला पर्याय हमखास ठेवलेला असतो.

यात खरी अडचण कुठे होते ते एका उदाहरणाने सांगते, कारण माझ्या मते सगळा अभ्यास इथेच आहे. संविधानाच्या 348 व्या अनुच्छेदानुसार सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांचं कामकाज सर्वसाधारणपणे इंग्रजीत चालतं. त्यावर मी मुलांसाठी एक उतारा तयार केला. पहिल्या परिच्छेदात: ‘इट इज ऑफन सेड’ की इंग्रजीमुळे देशभरच्या निकालांत एकवाक्यता राहते. दुसऱ्यात: ‘टु बी शुअर’, कायद्याच्या कित्येक संज्ञांना भारतीय भाषांत सर्वमान्य प्रतिशब्द नाहीत. तिसरा परिच्छेद ‘येट’ या शब्दाने सुरू होतो: ज्याची जमीन गेली त्याला स्वतःच्या खटल्याचा निकाल वाचता येत नसेल, तर ती एकवाक्यता कोणाच्या कामाची? इंग्रजी निकालासोबत त्याला समजेल अशा भाषेतला निकालही मिळाला पाहिजे.

प्रश्न होता, लेखकाचं म्हणणं काय? पर्याय चार. एकवाक्यतेसाठी इंग्रजीच हवी. सर्व न्यायालयांनी ताबडतोब स्थानिक भाषेत काम करावं. पक्षकाराला समजेल अशा भाषेतही निकाल मिळावा. भारतीय भाषांत कायद्याच्या संज्ञा नाहीत.

बरीच मुलं पहिल्या पर्यायावर गेली. त्यांचं इंग्रजी कच्चं होतं असं नाही, एकेका शब्दाचा अर्थ त्यांना येत होता. पण लेखकाने दुसऱ्याचं म्हणणं आधी मांडलं आणि मुलांनी ते लेखकाचंच धरलं. ‘टु बी शुअर’ वाचून त्यांना वाटलं की लेखक इथे खात्रीने बोलतो आहे. प्रत्यक्षात तो समोरच्याचा मुद्दा मान्य करतो आहे, मराठीत आपण ‘हे खरं, पण...’ म्हणतो तसा. ‘ग्रँटेड’ आणि ‘ऑलदो’ही हेच काम करतात.

आपल्याकडे यासाठी जुने, नेमके शब्द आहेत: पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष. वाद मांडताना आधी प्रतिपक्षाचं म्हणणं पूर्ण ताकदीने सांगायचं, मग त्याचं खंडन करायचं. मी मुलांना उताऱ्याच्या समासात पेन्सिलीने ‘पू’ आणि ‘उ’ लिहायला सांगते. पेपर कागदावरच असतो, त्यामुळे प्रश्नपुस्तिकेवर अशी खूण करता येते. ज्या ओळीवर ‘पू’ लिहिलं ती लेखकाचं मत म्हणून निवडायची नाही. चारपाच आठवडे एवढं एकच केलं तरी मुलांच्या चुकांची जात बदलते. आधी ती दुसऱ्याचं मत लेखकाच्या गळ्यात घालत असतात. नंतर राहतात त्या बारीक चुका, म्हणजे ‘सर्व’, ‘केवळ’, ‘ताबडतोब’ असे टोकाचे शब्द पर्यायात शिरल्याचं न दिसणं. वरच्या उदाहरणातला दुसरा पर्याय तसाच आहे. चौथा पर्याय तर उताऱ्यात आलेलाच आहे, पण तो या प्रश्नाचं उत्तर नाही.

‘वेग मिनिटाला 500 शब्दांवर न्या.’

गणित करून पाहा. संघाच्या सांगण्याप्रमाणे इंग्रजीचा उतारा साधारण 450 शब्दांचा असतो. सहा प्रश्नांचा उतारा धरला आणि प्रश्नामागे एक मिनिट धरलं, तर उतारा आणि प्रश्न मिळून सहा मिनिटं हाताशी येतात. त्यातली तीन वाचनाला दिली तर वेग होतो मिनिटाला 150 शब्द, आणि प्रत्येक प्रश्नाला उरतो अर्धा मिनिट. दोन मिनिटांत वाचलं तरी 225. पाचशेची गरज कुठेच लागत नाही.

मार्क ब्रिसबार्ट या संशोधकाने 2019 मध्ये वाचनवेगावरचे पूर्वीचे अभ्यास एकत्र तपासले. इंग्रजी माहितीपर मजकूर मनात वाचणाऱ्या प्रौढांचा सरासरी वेग त्यात मिनिटाला 238 शब्द निघाला. कीथ रेनर आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांचा 2016 चा आढावाही हेच सांगतो की वेग आणि आकलन यांत देवाणघेवाण असते. वेग दुप्पट-तिप्पट केला आणि आकलन तसंच राहिलं, असं होत नाही. भाषेची ओळख वाढली की वेग त्यामागून येतो. मग ज्याला इंग्रजी घरात ऐकू येत नाही अशा सतरा वर्षांच्या मुलावर पाचशेचं ओझं का टाकायचं? तो ओळींवरून डोळे फिरवतो, काही कळत नाही, आणि दोष स्वतःला देतो.

‘रोज 30 शब्द पाठ करा.’

शब्दसंपत्ती हवीच, याबद्दल वाद नाही. पण वहीत एका शब्दासमोर एक अर्थ लिहून पाठ केला की या परीक्षेत तोच अर्थ पाय ओढतो. ‘सँक्शन’ म्हणजे मंजुरी आणि ‘सँक्शन’ म्हणजे निर्बंधही. ‘ओव्हरसाइट’ म्हणजे देखरेख आणि नजरचूकही. ‘द कोर्ट एंटरटेन्ड द पेटिशन’ म्हणजे न्यायालयाने याचिका विचारार्थ घेतली, मनोरंजनाचा तिथे काही संबंध नाही. न्यायाधीश ‘डिसइंटरेस्टेड’ असावा म्हणजे त्याचा त्या खटल्यात हितसंबंध नसावा, तो कंटाळलेला नसावा असं नव्हे. कोणी आपलं विधान ‘क्वालिफाय’ केलं तर ते पात्र ठरवलं नाही, त्याला मर्यादा घातली. हे सगळे शब्द मुलांना ‘येतात’, आणि म्हणूनच ती चुकतात. तीसऐवजी पाच शब्द घ्यावेत, पण ज्या वाक्यात भेटले त्या वाक्यासकट लिहावेत.

‘रोज एक अग्रलेख वाचा.’

हा सल्ला वाईट नाही, अर्धवट आहे. व्याजदरावरचा किंवा राज्यपालांच्या अधिकारांवरचा इंग्रजी अग्रलेख मुलाला कळत नाही तेव्हा तो भाषेमुळे कळत नाही की विषयामुळे, हे आधी तपासायला हवं. 1988 मध्ये अमेरिकेत डोना रेख्त आणि लॉरेन लेस्ली यांनी शाळकरी मुलांना बेसबॉल सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉल न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. विषयाची ओळख आकलनाला एवढं बळ देते.

म्हणून आमच्याकडे क्रम उलटा आहे. तो विषय आधी मराठी दैनिकात वाचायचा: बातमी, जमल्यास लेख. राज्यपाल विधेयक किती काळ रोखू शकतात हा वाद नेमका काय आहे, हे मराठीत कळलं की मग इंग्रजी अग्रलेख उघडायचा. वाचून झाल्यावर तीन वाक्यं लिहायची: लेखक काय म्हणतो, कोणाला उत्तर देतो, कशाच्या आधारावर. मराठीत लिहिली तरी चालतील. आणि फक्त अग्रलेखांवर थांबू नये. इंग्रजी विभागात ललित आणि जुनं, ऐतिहासिक महत्त्वाचं लेखनही येतं. कथेतल्या पात्राच्या मनःस्थितीवर प्रश्न आला की अग्रलेखांवर वाढलेली मुलं गोंधळतात. आठवड्यातून दोन दिवस तरी इंग्रजी कथा किंवा आत्मचरित्रातली पानं वाचावीत.

‘शंका आली की सोडा.’

पुन्हा गणितच. दोन पर्याय खात्रीने बाद केले आणि दोन उरले, असे आठ प्रश्न धरा. अंदाजाने निम्मे बरोबर आले तर 4 गुण मिळतात, चारांचा 1 वजा होतो, हाती 3 उरतात. सोडले तर शून्य. उतारा न वाचता ठोकू नये एवढंच खरं.

‘मराठीत भाषांतर करणाऱ्यांनी नाद सोडावा.’

याला माझा सगळ्यात ठाम विरोध आहे. महाराष्ट्रात मराठी शाळांतही 2000 पासून पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. म्हणजे ही मुलं बारा वर्षं ही भाषा वाचत आली आहेत. आणि परकी भाषा वाचताना मनात आपल्या भाषेत भाषांतर होणं हा दोष नाही. रिचर्ड कर्न यांनी 1994 मध्ये फ्रेंच शिकणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांचा या दृष्टीने अभ्यास केला. अवघड जागी असं भाषांतर अर्थ धरून ठेवायला मदत करतं, हे त्यात दिसलं. भाषेत मुरत जातो तशी त्याची गरज कमी होत जाते.

नुकसान होतं ते शब्दाला शब्द ठेवत गेल्याने. मूल पाच शब्दांचे पाच प्रतिशब्द मांडतं आणि वाक्य हातातून निसटतं. त्यावर उपाय मराठी बंद करणं हा नाही. परिच्छेद संपला की थांबायचं आणि मराठीत एक वाक्य मनात म्हणायचं, आजीला सांगितल्यासारखं: ‘हा म्हणतो की लोकांना निकाल वाचता आला पाहिजे.’ ज्याला हे वाक्य म्हणता येतं त्याला उतारा कळला आहे. सरावाने हे वाक्य छोटं होत जातं, मग कधी इंग्रजीत येतं, मग त्यासाठी थांबावंही लागत नाही. सुरुवातीला एका उताऱ्याला वीस मिनिटं लागली तरी लागू द्यावीत. घड्याळ तिसऱ्या महिन्यात लावावं.

‘100 मॉक द्या.’

साठ दिवसांत शंभर म्हणजे दिवसाला दीडहून जास्त पेपर, रोज तीन तासांहून अधिक नुसते सोडवण्यात. तपासणार कधी? आमच्याकडे आठवड्याला एक मॉक आणि त्याच्या तपासणीला दोन बैठका असतात. उत्तरतालिका उघडण्याआधी प्रत्येक उत्तरासमोर उताऱ्यातल्या ओळीचा क्रमांक लिहायचा: मी हे कशाच्या जोरावर निवडलं. ओळ सापडली नाही तर उत्तर बरोबर आलं तरी त्यावर गोल करायचा. मग चुकांच्या वहीत लिहायचं: पूर्वपक्ष लेखकाचा धरला, टोकाचा शब्द सुटला, शब्दाचा दुसरा अर्थ घेतला, उताऱ्यात नसलेलं स्वतःच्या माहितीवरून लिहिलं. जुन्या प्रश्नपत्रिका संघाच्या संकेतस्थळावर मिळतात.

तो मुलगा गेल्या रविवारी परत आला. त्याच्या वहीत मागच्या चार उताऱ्यांतल्या नऊ चुका लिहिलेल्या आहेत आणि त्यांतल्या सहा एकाच जातीच्या आहेत: पूर्वपक्ष. येत्या शनिवारी आम्ही फक्त त्यावरच बसणार आहोत.