ओ की शून्य?

काका म्हणाला मला. आरटीओच्या खिडकीतला तो माणूस, स्वतःच्या कानशिलावरचे केस पांढरे झालेले, आणि मला म्हणतो, "काका, तुमचा चासी नंबर जुळत नाही."

जुळत नाही म्हणजे काय? गाडी माझी, तिच्या सांगाड्यावर कोरलेला नंबर तिचा, २०१८ साली शोरूममधून निघाली त्या दिवसापासून तोच. मी बदलला नाही, बायकोने बदलला नाही, आणि खाली पार्किंगमध्ये तिच्यावर इमानेइतबारे घाण करणाऱ्या कबुतरांनीही बदललेला नाही.

आणि हे ऐकायला मी, कर्नाटकातली गाडी महाराष्ट्राच्या नंबरावर घ्यायला आलेला, पावणेदोन तास उभा होतो. त्यातला सव्वा तास भलत्याच खिडकीसमोर. "खिडकी क्र. ४ चे काम खिडकी क्र. ७ वर होईल" असा कागद चिकटवला होता, पण कुठे? चार नंबरच्या खिडकीच्या काचेला, आतून, खालच्या कोपऱ्यात. म्हणजे तुमचा नंबर लागून तुम्ही खाली वाकलात की मगच तो वाचता येतो. ज्याला ही जागा सुचली, तो माणूस वाया चाललाय. त्याला सैन्यात घ्यायला पाहिजे, भूसुरुंग पेरायला.

तर सात नंबर. फाईल दिली. फाईल कसली, उशीच ती. कर्नाटकची एनओसी म्हणजे ना हरकत दाखला, आरसी म्हणजे गाडीच्या नोंदणीचं कार्ड, मूळ इनव्हॉइस, पीयूसी, विमा, भाडेकरार, आधार, पॅन, बँकेचं कर्ज फिटल्याचं पत्र, गाडी कुठल्या गुन्ह्यात नाही याचा दाखला, फोटो, आणि प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स. त्याने पानं अशी उलटली जशी पत्त्यांची कॅट पिसतात, आणि बरोबर विम्याच्या कागदावर थांबला. बोट ठेवलं.

"इथे ओ आहे. आरसीवर झीरो आहे."

"अहो, तो शून्यच आहे."

"ओ दिसतोय."

"दिसू दे. तो ओ असूच शकत नाही!"

आणि इथे माझी चूक झाली. मी शिकवायला गेलो. रात्र रात्र जागून वाचलेलं सगळं त्या खिडकीच्या भोकातून आत ओतलं. की बाबा, हा १७ अक्षरी नंबर आहे, आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरं वापरायचीच नाहीत असं आंतरराष्ट्रीय मानक आहे. का? तर एक आणि शून्याशी गल्लत होऊ नये म्हणून! म्हणजे तुम्ही आत्ता जी गल्लत करताय नेमकी तीच होऊ नये म्हणून कुणीतरी आधीच विचार करून ठेवलाय! आवाज चढला होता माझा. मागून एकजण म्हणालासुद्धा, "पॉइंट आहे साहेबांचा." मला तेवढ्यापुरतं जिंकल्यासारखं वाटलं.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. चहाचा घोट घेतला. आणि म्हणाला, "बरोबर आहे काका. मग हा ओ घातला कुणी?"

पुढचा.

आता मला सांगा, त्या शून्यासाठी मी काय काय केलंय. चासीची प्रिंट काढून आणा म्हणाले होते. आमच्या गाडीत तो नंबर पुढच्या डाव्या सीटखाली, कार्पेटच्या फडकीमागे. रविवारी सकाळी मी दरवाजातून अर्धा आत, पाय बाहेर, असा आडवा. सोसायटीचा वॉचमन टॉर्च धरून उभा. शाळेत नाण्यावर कागद ठेवून शिसपेन्सिल घासायचो, हुबेहूब तेच. उपग्रह सोडणारा देश आपला, पण गाडी ओळखायची तर पेन्सिल एचबीच लागते. पहिली प्रिंट पुसट आली, दुसरीत कागद फाटला, तिसरीत सतरापैकी सोळाच अक्षरं आली. चौथीला वॉचमन म्हणाला, "साहेब, मी करू का?" त्याची पहिल्या फटक्यात आली. पन्नास रुपये दिले, कंबर शेकली. येणारे-जाणारे शेजारी थांबून विचारत होते, "काय हरवलं का?" हो, आयुष्य हरवलं.

(त्या प्रिंटमध्येही शून्य ओसारखंच दिसतं. ते मी खिडकीत बोललो नाही.)

आणि हे सगळं कशासाठी? एकदा भरलेला टॅक्स पुन्हा भरायला मिळावा म्हणून! हीच तर गंमत आहे. पैसे मागायला गेलो असतो तर समजलं असतं. मी द्यायला चाललोय! लाइफटाइम टॅक्स म्हणून कर्नाटकात १४ टक्के अधिक सेस मोजलेत मी, तेही एकरकमी. लाइफटाइम कुणाचा? मला वाटलं गाडीचा. तर नाही, तो त्या राज्यातल्या मुक्कामाचा लाइफटाइम. निपाणी ओलांडून कागलला आलं की पुनर्जन्म. इथे महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला दहा लाखांच्या आत ११ टक्के, वयाप्रमाणे घटवून. गाडीचं वय धरतात बरं का. माझं कुणी धरत नाही.

मग तिकडचे उरलेले पैसे परत मागायचे. ते मिळतात, कायद्यात आहे. पण आधी इथे भरा, इथला नंबर घ्या, इथली आरसी हातात येऊ दे, मग तिची प्रत घेऊन तिकडे अर्ज करा. म्हणजे एकाच गाडीचे दोन टॅक्स एकाच वेळी खिशातून बाहेर, आणि परताव्याची वाट बघत आपण खिडकीत. माझ्या एका माजी सहकाऱ्याला परतावा मिळाला म्हणतात. आम्ही त्याला जेवायला बोलावलं होतं, नुसतं बघायला.

"मग बीएच नंबर का नाही घेतलास?" म्हणजे राज्य बदललं तरी बदलावा न लागणारा नंबर. हा प्रश्न विचारणाऱ्यांची मी एक यादी ठेवलीय. पहिली गोष्ट, बीएच २०२१ साली आलं, माझी गाडी २०१८ ची. दुसरी गोष्ट, नंतर जुन्या गाड्यांनाही दार उघडलं हे मला माहीत आहे, पण खासगी नोकरीवाल्याच्या कंपनीची कार्यालयं किमान चार राज्यांत लागतात. आमच्या कंपनीची दोन आहेत. त्यातलं एक मालकाच्या मेहुण्याच्या फ्लॅटमध्ये आहे. चहाच्या टपरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत प्रत्येकजण हा सल्ला असा देतो जणू मला बीएच ही अक्षरं आजवर कुणी दाखवलीच नव्हती. सल्ला देणारा स्वतः कधी राज्याबाहेर गेलेला नसतो. गेला असेल तर तिरुपतीला, तेही रेल्वेने.

दुसरा प्रकार, "कशाला बदलतोस, कर्नाटकच्या केएवरच चालव की." चालवली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त गाडी ठेवली की नवा नंबर घ्यावा लागतो. मला चौदा झाले. त्या चौदा महिन्यांत चौकातल्या प्रत्येक शिट्टीला माझ्या पोटात गोळा येणं बघायला हवं होतं. मागेपुढे शंभर गाड्या, हेल्मेट नाही, तिघे बसलेत, एकजण सिग्नल तोडताना फोनवर बोलतोय, आणि हवालदाराचा हात वर होणार तो माझ्यासाठी. केए ही दोन अक्षरं त्यांना अर्ध्या किलोमीटरवरून वाचता येतात. ओ आणि शून्यातला फरक मात्र हातभर अंतरावर कळत नाही!

हं. तर या ओचं काय झालं ते ऐका.

घरी आलो. चपला एकीकडे, फाईल एकीकडे. बायकोला सगळा किस्सा अभिनयासकट सांगितला. विमा कंपन्या, त्यांचे डेटा भरणारे लोक, बेफिकिरी, देशाचं काय होणार, सगळं झालं. ती ऐकत ऐकत लॅपटॉपवर काहीतरी शोधत होती. मग तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. २०२२ ची मेल. जुनी विमा कंपनी सोडून मी ऑनलाइन नवी घेतली होती, आठशे रुपये वाचतात म्हणून. आठवडाभर फुशारकी मारली होती घरात. तर त्या मेलला जोडलेला अर्ज, मी भरलेला, माझ्या हाताने. चासी नंबराच्या रकान्यात सोळा अक्षरं बरोबर आणि एक टपोरा, गोल, कॅपिटल ओ.

"मग हा ओ घातला कुणी?" असं ती म्हणाली नाही. म्हणायची गरज नव्हती.

म्हणजे आज सकाळी मी एका सरकारी माणसाला, भर रांगेसमोर, आवाज चढवून, माझीच चूक आंतरराष्ट्रीय मानकाचा हवाला देऊन समजावून सांगितली. आणि मागच्या त्या बिचाऱ्याने मला "पॉइंट आहे" म्हटलं. त्याला शोधून चहा पाजला पाहिजे.

बरं, पण थांबा. चूक माझी, मान्य. मग ज्या रकान्यात ओ येऊच शकत नाही, त्या रकान्याने ओ घेतला कसा? मोबाइल नंबरात एक आकडा कमी पडला तर लाल होऊन ओरडणारी वेबसाइट ही. पिनकोड चुकला तर पुढे जाऊ देत नाही. आणि इथे चालला? चार वर्षं मी त्या ओचा विमा भरत होतो. दरवर्षी नूतनीकरण, दरवर्षी "अभिनंदन, तुमची गाडी सुरक्षित आहे." कुठली गाडी? जगात अस्तित्वातच नसलेली! मध्ये अपघात झाला असता तर यांनी दुर्बीण लावून तो ओ शोधून काढला असता, पैज लावतो.

विमा कंपनीला फोन केला. दुरुस्ती होते म्हणे, आरसीची प्रत आणि चासीचा फोटो पाठवा. परत सीटखाली. वॉचमन रजेवर आहे.

याच आठवड्यात आखातातून मेहुण्याचा फोन. परत येतोय कायमचा, तिथली जुनी एसयूव्ही बरोबर आणायचं म्हणतोय, "तिकडे स्वस्त रे गाड्या." मला इतकं बरं वाटलं सांगू. माझ्याहून मोठ्या खड्ड्यात उडी मारायला कुणीतरी निघालंय. त्याला सावकाश सांगितलं. जुनी गाडी आणायची तर ती तयार झाल्यापासून तीन वर्षांच्या आतली हवी. स्टिअरिंग उजवीकडे हवं. पुढची पाच वर्षं रस्त्यावर चालेल असा दाखला हवा. उतरवायची मुंबई बंदरातच. आणि सीमाशुल्क, सेस, जीएसटी असं सगळं मिळून कर गाडीच्या किमतीच्या वर जातो. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "स्टिअरिंग डावीकडेच आहे रे इथे." म्हटलं, मग सुटलास. पेढे वाट. तुझा अर्ज दुसऱ्याच अटीला मेला, माझा सतराव्या अक्षरापर्यंत जगला.

नंबरप्लेटचं तर मी बोलणारच नव्हतो. पण आता निघालंच आहे. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना ती नवी हाय सिक्युरिटी प्लेट लावा म्हणून बेंगळुरूत धावपळ झाली होती. मुदत, मुदतवाढ, पुन्हा मुदतवाढ. मी मेला आज्ञाधारक, पहिल्याच मुदतीत लावून मोकळा. ती काढता येऊ नये म्हणून तिला एकदाच बसणारं लॉक असतं. आता इथला नंबर मिळाला की ते लॉक तोडायचं, ती प्लेट टाकायची, पुन्हा पैसे, पुन्हा अपॉइंटमेंट, पुन्हा नवी प्लेट, पुन्हा न निघणारं लॉक. मुदतवाढीची वाट बघणारे शहाणे ठरले. नेहमीच ठरतात.

आणि कार्यालयाच्या फाटकाबाहेरचा एजंट. त्याने मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, "साहेब, माझ्याकडे द्या, तुमच्याच्याने नाही व्हायचं." मी म्हणालो, सगळं ऑनलाइन आहे आता. तो हसला नाही. हसला असता तर राग आला असता. त्याने नुसती मान डोलावली, एखाद्या वडीलधाऱ्याने डोलवावी तशी. आज बाहेर पडताना पुन्हा दिसला. मी फाईल पाठीमागे लपवली. लपवली! चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, प्रगतिपुस्तक लपवावं तशी. तो म्हणाला, "ओ का?"

"म्हणजे?"

"या महिन्यातला तिसरा."

म्हणजे आणखी दोघे आहेत असे. कुठे आहात रे बाबांनो? भेटू या.

आता रात्रीचे साडेअकरा झालेत आणि नमुना २७, म्हणजे नव्या नंबराचा अर्ज, परत भरायला बसलोय, कारण आधीच्यावर खिडकीतल्याने लाल पेनाने गोल करून ठेवलाय. चासी नंबराशी आलो. शून्य लिहिलं. बघितलं. ओ वाटला. म्हणून त्यात एक तिरकी रेघ मारली, कॉम्प्युटरवाले मारतात तशी, म्हणजे वादच नको. मुलगा मागून डोकावला, "बाबा, हा ग्रीकमधला फाय आहे का?"

आणि मग डोक्यात आलं, उद्या तो ती रेघ बघून म्हणणार, "काका, खाडाखोड चालत नाही."

दुसरा फॉर्म घेतलाय.